गहाण बाजा आणि माझी नाटकं

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन बरोबर नाही. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे चौथीत जरा कळायला लागलं होतं, तेवढ्यात धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही म्हणून शाळा सुटली. अक्षरही वाईट आहे. ते ओळीवर बसत नाही, ओळीला लोंबकळतं. ही वही कुणाला दाखवायची नाही असं ठरवूनच लिहायला घेतली आहे, तरी माफी मागून ठेवलेली बरी. माणूस गेल्यावर लोक आधी त्याची ट्रंक उघडतात.

तर, मी नाटकं लिहिली. एवढं एक वाक्य लिहून मला उठून चहा करून यावं लागलं. गावात बऱ्याच जणांना हे अजून माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना खरं वाटत नाही, कारण चारचौघांत माझ्या तोंडून 'हो' आणि 'बसा' याच्यापुढं शब्द निघत नाही. माझी नाटकं थिएटरात झाली नाहीत. ती संस्थांच्या वार्षिक सभांत झाली. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायटी, एकदा साखर कारखान्याच्या आवारात. संगीत मास्तरांचं असायचं. मास्तरांशिवाय माझं नाटक म्हणजे नुसती भांडणं.

मास्तर म्हणजे आमच्या गावच्या बँडचे मास्तर. तरुणपणी ते सिकंदराबादला रेल्वेच्या क्लबात कामाला होते. तिथं एक म्हातारा गोवेकर सॅक्सोफोन वाजवायचा. त्याच्याकडून ते वाजवायला शिकले. त्या वाजवण्याला जॅझ म्हणतात, असं ते सांगायचे. म्हातारा मरताना बाजा यांना देऊन गेला. तो घेऊन मास्तर गावी आले आणि बँड काढला. वरातीत सगळे बँडवाले वाजवतात तीच गाणी तेही वाजवायचे, पण मध्येच गाणं सोडून कुठंतरी निघून जायचे. क्लॅरिनेटवाला आणि ढोलवाला त्यांची वाट बघत एका जागी घोटाळत राहायचे. नवरदेवाचं घोडंही थांबायचं. मग मास्तर कुठून कुठून हिंडून पुन्हा बरोबर गाण्याच्या दारात येऊन उभे राहायचे, आणि वरात पुढं निघायची. लोक म्हणायचे, मास्तर चुकतात लई, पण चुकतात झकास.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. कपिलधारच्या धबधब्याला धार राहिली नाही, नुसता काळा कडा दिसायचा. लोक देवळात चहापाण्यावर लग्नं उरकायला लागले. अशात बँड कोण सांगणार? क्लॅरिनेटवाला आणि ढोलवाला कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. मास्तरांची पाठ अधू, ते मागं राहिले. आणि नेमकं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी गावच्या पतसंस्थेचं कर्ज काढून बँडसाठी लाल कोट शिवून घेतले होते. सोनेरी दोऱ्याचे, खांद्यावर झालरी लोंबणारे. हप्ते थांबले तशी संस्थेनं तारण मागितलं. कोट कुणी घेईना. घरात सोनं नव्हतं. मास्तरांनी सॅक्सोफोन आणून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

संस्थेला सोन्याच्या तारणाची सवय. नियमाप्रमाणं मूल्यांकनाला सराफ बोलावला. त्यानं बाजा उलटा धरून हलवला, आत काही अडकलंय का बघितलं, आणि कागदावर लिहून दिलं: पितळ, एक नग, वाकडा. तिजोरीत तो मावेना, म्हणून लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात जुन्या फायलींच्या मध्ये त्याला आडवा झोपवला.

मास्तर रोज येऊन कपाटासमोर बसायचे. आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे. एक दिवस त्यांनी मॅनेजरला सांगितलं, की बाजाच्या भोकांवर चामड्याच्या गाद्या असतात, वाजवला नाही तर त्या वाळतात आणि बाजा मुका होतो. आमचे मॅनेजर फार नियमाचे. त्यांनी पोटनियमांचं पुस्तक काढून बराच वेळ वाचलं. तारण सुस्थितीत ठेवणं ही संस्थेची जबाबदारी आहे असं त्यात निघालं. मग ठरलं, की दुपारी व्यवहार बंद झाला की मॅनेजरनं कपाट उघडायचं, मास्तरांनी त्यांच्या समोर बाजा वाजवायचा, आणि वाजवून झाला की परत कपाटात. तारण उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

मी तिथं कशी, तर पाण्यामुळं. टँकर संस्थेच्या शेजारच्या टाकीत खाली व्हायचा. कधी येईल त्याचा नेम नसायचा, म्हणून बाया घागरी रांगेत लावून संस्थेच्या ओसरीत सावलीला बसायच्या. भांडायला वेळच वेळ. मी भांडत नसे. मी खिडकीखालच्या बाकावर बसून ऐकायचे. जी बोलत नाही ती तिथं आहे हेच लोक विसरतात, आणि मग काय वाटेल ते बोलतात. आमच्या बचत गटाची सचिवही मी होते, ते याच कारणानं. बाया म्हणाल्या, हिच्या तोंडून शब्द निघत न्हाई तर पैसा काय निघणार. गटाच्या हिशोबासाठी मॅनेजरनं मला रद्द झालेल्या भरणा पावत्या दिल्या होत्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी ऐकलेली भांडणं लिहून काढायचे. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. ऐकलेलं टाकून द्यायला जीव होत नसे.

एका दुपारी वावटळ आली आणि माझे कागद खिडकीतून आत गेले. संस्थेत आलेला कागद मॅनेजर वाचल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी तो कर्जमागणीच्या अर्जासारखा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोन विहिणींचं भांडण होतं, घागर कुणाची पुढं यावरून. बाजा मास्तरांच्या हातातच होता. एक विहीण बोलली की मॅनेजर थांबायचे, आणि मास्तर बाजातून तिला उत्तर द्यायचे. असं उत्तर, की दुसऱ्या विहिणीचा नाक मुरडलेला चेहरा मला खिडकीखाली दिसला. ओसरीतल्या बाया हसायला लागल्या. कुणाचं भांडण आहे ते त्यांनी ओळखलं होतं, कुणाचं लिहिणं आहे ते नाही. मी लाजेनं घागर उचलली, नंबर सोडला आणि रिकाम्या घागरीनं घरी गेले. त्या दिवशी आम्ही शेजारून पाणी मागून प्यायलो.

दोन दिवसांनी मॅनेजर घरी आले. मॅनेजर कुणाच्या घरी गेले तर वसुलीलाच जातात, त्यामुळं आमचे हे त्यांना बघताच म्हणाले, "मार्चमध्ये भरतो साहेब." मॅनेजर म्हणाले, ते तर भराच, पण मी वेगळ्या कामाला आलोय. संस्थेची वार्षिक सभा जवळ आली होती. दरवर्षी सभेला जेवणाची पंगत असायची, म्हणून माणसं यायची. यंदा भांडी घासायला पाणी नाही, म्हणून पंगत रद्द. आदल्या वर्षी पंगत असूनही गर्दी बेताची होती आणि विरोधकांनी तिला रिकाम्या खुर्च्यांची सभा म्हणून नाव ठेवलं होतं. चेअरमनला ते फार लागलं होतं. पंगतीच्या जागी नाटक ठेवू, असं मॅनेजरनं सुचवलं होतं. लेखक त्यांच्या मनात होता.

आमचे हे माझ्याकडे असं बघायला लागले, की जणू घरात भाडेकरू निघाला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "लिव्हू द्या तिला. तोंडानं बोलत न्हाई, कागदावर तरी बोलंल."

नाटकात मी एक घर घेतलं, जे संस्थेसारखं चालतं. सासू चेअरमन. ती कुणाला हिशोब देत नाही. सुना एक दिवस म्हणतात, घरची वार्षिक सभा झालीच पाहिजे. मग साखर, चहापत्ती, रॉकेल यांचा ताळेबंद मांडला जातो. ठराव होतात, सूचक धाकटी सून, अनुमोदक थोरली सून. दुपारचा चहा सासूनं स्वतः करावा, असा एक ठराव. सासू धाकटीची शिलाई मशीन विकायला निघालेली असते, म्हणून दुसरा ठराव असा, की ज्या वस्तूवर घरातलं माणूस पोट भरतं ती वस्तू वर्षभर विकू नये, वापरू द्यावी. हा ठराव लिहिताना मनात मास्तर होते का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. मशीन विकायला निघालेली सासू रांगेतली होती, ती मी ऐकली होती. मास्तर मनात होते की नव्हते, ते मलाच नीट माहीत नाही.

पात्रं बचत गटातल्या बायांनी केली. सासूचं काम गिरणीवालीला दिलं, कारण गिरणीच्या आवाजावर ओरडून तिचा गळा तयार होता. कपड्यांचा प्रश्न मास्तरांनी सोडवला. सगळ्या बाया साडीवर बँडचे लाल कोट घालून संचालक मंडळ झाल्या.

तालमी संस्थेच्या कचेरीतच. बाजा बाहेर येऊ शकत नव्हता, म्हणून नाटक आत गेलं. आणि तिथं माझं आणि मास्तरांचं जुळेना. मी सगळं लिहून काढणारी. कुणी कुठं खोकायचं तेसुद्धा माझ्या कागदावर असायचं. मास्तर रोज वेगळं वाजवायचे. काल ज्या सुरावर गिरणीवाली आत आली, आज तो सूर यायचाच नाही, आणि ती दाराबाहेर कोट घालून घामाघूम उभी. मला राग यायचा पण बोलता यायचं नाही. मी चिठ्ठी लिहून पुढं सरकवायचे. मास्तर चिठ्ठी वाचून मोठ्यानं उत्तर द्यायचे. त्यामुळं कचेरीतल्या लोकांना आमचं अर्धंच बोलणं ऐकू यायचं, आणि उरलेलं अर्धं ते आपापल्या मनानं भरून घ्यायचे.

मी लिहिलं, मास्तर, कालचंच वाजवा.

मास्तर म्हणाले, "कालचं काल वाजवलं की, वैनी."

मी लिहिलं, मग गिरणीवालीनं आत कधी यायचं?

"तिला वाटंल तवा येऊ द्या. ती आली की मी वाजवीन. सासू काय सुरावर घरात येती व्हय? सासू आली की सूर बदलतो."

हे माझ्या ध्यानात यायला रात्रभर लागलं. दुसऱ्या दिवशी मी कागदावरचं सगळं खोकणं खोडलं. त्या जागी लिहिलं, 'इथं मास्तर'. आधी एका ओळीची जागा सोडली. त्यांनी तेवढ्यात सगळं घर उभं केलं, भांडी आपटणाऱ्या सुनेसह. मग मी दोन ओळी सोडल्या. पुढच्या नाटकांत तर अर्धं पान कोरं सोडायला लागले. मॅनेजर म्हणायचे, कागद वाया जातो. पण लिहायचं कुठं थांबावं हे मला त्या कोऱ्या जागांनी शिकवलं.

सभेच्या थोडे दिवस आधी फळ्यावर विषयपत्रिका लागली. अहवाल वाचणे, ताळेबंद मंजूर करणे, असे नेहमीचे विषय. शेवटचा विषय होता, थकीत तारणाची विक्री करणे. संस्थेकडं दुसरं थकीत तारण नव्हतंच. बाकीच्यांचं सोनं होतं, ते लोक कसंही करून सोडवतात. बीडचा एक मोडवाला, जुनी भांडी वितळवायला घेणारा, सभेच्या दिवशी काटा घेऊन येणार, असंही कळलं. तो बाजा किलोवर घेणार होता.

मी चिठ्ठी लिहायला घेतली, पण काय लिहावं सुचेना. मास्तरांनी फळा वाचला आणि आत जाऊन बाजाच्या कळांना तेल दिलं. मग एवढंच म्हणाले, "वैनी, त्या दिवशी जागा जरा मोठ्या सोडा."

सभेच्या दिवशी मंडप संस्थेच्या भिंतीला लागून घातला. रंगमंच बरोबर खिडकीखाली, कारण मास्तर आतच बसणार होते. गजांच्या मागं मास्तर, आणि गजांतून बाहेर डोकावणारं बाजाचं पितळी तोंड. माणसं भरपूर आली. पंगत रद्द झाल्याचं कळूनही काही जण सवयीनं ताट-तांब्या घेऊन आले होते. मी आत कपाटाशेजारी जमिनीवर बसले. तिथून मला नाटक दिसत नव्हतं. मला फक्त मास्तरांची पाठ दिसत होती; बाहेरचं जे लिहिते ते आतून ऐकलेलं आणि बायांनी नंतर सांगितलेलं.

सभेची वेळ झाली, पण चेअरमन एका लग्नाला गेले होते, ते आले नव्हते. मॅनेजर म्हणाले, वेळेवर सुरू झालंच पाहिजे, नाटक घ्या. आणि ते आपली सभावृत्तांताची वही उघडून रंगमंचाच्या कडेला टेबलाशी बसले, दरवर्षी बसतात तसे.

हसण्यानं मंडप हलला. घरोघरच्या सासवांना वाटलं की नाटक आपल्यावरच आहे. फक्त आत्याबाईंना वाटलं ते शेजारणीवर आहे. त्या शेजारणीला कोपर मारून सांगत होत्या, ऐक, ऐक. आणि मग पहिला ठराव आला. गिरणीवालीनं विचारलं, दुपारचा चहा सासूनं करावा, कुणाचा विरोध? आता आमच्याकडच्या सभांचं असं आहे, की समोरून कुणी ठराव म्हणालं की सभासदांच्या तोंडून आपोआप मंजूर निघतं. वाचलेला असो, नसो. ऐकू आलेला असो, नसो. सगळा मंडप एका आवाजात म्हणाला, "मंजूर." मास्तरांनी त्या मंजुरीवर बाजातून असा सूर काढला, की चहा उतू गेल्यासारखं वाटलं. शिलाई मशीनच्या ठरावाला तर मागच्या रांगेतून दोनदा आलं, मंजूर, मंजूर. त्यानंतर मी अर्धं पान कोरं सोडलं होतं. मास्तरांनी त्यात काय वाजवलं हे लिहून दाखवता येत असतं तर मी जागा कोरी सोडलीच नसती. काटा घेऊन आलेला मोडवाला चपला काढून पुढं येऊन बसला, हे मला नंतर बायांनी सांगितलं.

नाटक संपलं आणि चेअरमन आले. गर्दी बघून खूश झाले. हारतुरे झाले, विषय भराभर मंजूर होत गेले. शेवटी त्यांनी थकीत तारणाच्या विक्रीचा विषय वाचला. मंडपातून सवयीनं मंजूर येणार, तेवढ्यात मॅनेजर उभे राहिले. अडचण आहे, म्हणाले. आजच्या सभेत याच्या उलट ठराव आधीच झाला आहे. आणि त्यांनी वहीतून वाचला: ज्या वस्तूवर माणूस पोट भरतं ती वस्तू वर्षभर विकू नये, वापरू द्यावी. सूचक, धाकटी सून. अनुमोदक, थोरली सून. सर्वानुमते मंजूर.

चेअरमन म्हणाले, "ते नाटक होतं बे."

मॅनेजर शांतपणे म्हणाले, "साहेब, सभेची वेळ झाली होती. मंडप सभेचा होता. मंजूर म्हणणारे सभासद होते. सूचक आणि अनुमोदक दोघी भागधारक आहेत, हप्ते नियमित आहेत. मी ऐकलं ते लिहिलं."

मागून एकानं विचारलं, "मग चहाचा ठराव बी लिवला का साहेब?"

मॅनेजरनं पान उलटलं. "लिहिलाय."

मंडप इतका हसला की ताटं वाजली. चेअरमन आधी लाल झाले. मग त्यांनी गर्दीकडं बघितलं. संस्थेची निवडणूक पुढच्या वर्षी होती. ते माइकवर म्हणाले, की ही सहकाराची ताकद आहे, सुनांचा ठराव आम्हाला मान्य आहे, आणि वर्षभर तारणाला हात लागणार नाही. टाळ्या पडल्या. मी कपाटाशेजारी बसून ऐकत होते. मास्तर बाजा पुसत होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, एक वर्ष मिळालं. आता कागद काढा."

मॅनेजरनं ते मुद्दाम लिहिलं की सवयीनं, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. ते स्वतः शेवटपर्यंत सवयच म्हणत राहिले. पुढं तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकानं सुनांची नावं का नाहीत असं विचारलं, तेव्हा त्यांनी म्हणे उत्तर दिलं, की सुनांना नावानं हाक मारायची आमच्याकडं पद्धत नाही.

ते वर्ष आम्ही सभांच्या मागं फिरलो. दुष्काळात पंगत कुणालाच परवडत नव्हती, म्हणून तालुक्यातल्या संस्था नाटक मागायला लागल्या. ठरावात 'वापरू द्यावी' असं असल्यामुळं बाजा आता बाहेर जाऊ शकत होता. पण तारण एकटं सोडता येत नाही, म्हणून मॅनेजर बरोबर यायचे. जीपमध्ये पुढच्या सीटवर ते बसायचे, मांडीवर बाजा, वर संस्थेच्या टेबलाचं हिरवं कापड. आम्ही सगळ्या मागं, लाल कोटांच्या गाठोड्यावर. नाटकाच्या आधी ते मास्तरांची सही घेऊन बाजा द्यायचे आणि पडदा पडला की परत घ्यायचे. मानधनही तेच घ्यायचे. जागेवर पावती फाडून मास्तरांच्या कर्जखात्यात जमा. त्यामुळं आमच्यापैकी कुणी त्या वर्षी मानधन डोळ्यांनी बघितलं नाही. बायांना चहा आणि भजी मिळायची. त्यावर त्यांची तक्रार नव्हती. घरी चहा त्यांनाच करावा लागायचा.

प्रत्येक गावासाठी मी नवं नाटक लिहायचे. तेलगावला साखर कारखान्याच्या आवारात ऊसवाल्यांसमोर केलं त्यात साखरपुड्याला वजनकाटा लावून नवरीकडची साखर मोजतात. ते ऐकून काट्यावरच्या बाबूनं मध्येच उभं राहून, आमचा काटा बरोबर हाय, असं सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. लिंबागणेशला दूध संस्थेसाठी लिहिलं त्यात म्हैस चेअरमन बनते. तिचं काम मास्तरांनी बाजानं केलं. तिथल्या एका म्हाताऱ्यानं नंतर येऊन विचारलं, "म्हैस का म्हून बांधून ठिवली आत? जरा दाखवा तरी." चारा छावणीतही एक प्रयोग झाला. तिथं मात्र मास्तर वाजवायला लागले की खऱ्या म्हशी उत्तर द्यायच्या, आणि माझी पात्रं तोंड उघडून नुसती उभी. मास्तरांना तो प्रयोग सगळ्यात आवडला. म्हणाले, सिकंदराबादनंतर बरोबरीनं वाजवणारं कुणीतरी भेटलं. मी चिठ्ठीत लिहिलं, माझे संवाद कुणालाच ऐकू गेले नाहीत. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "पुढच्या बारीला म्हशीला बी जागा सोडा."

नाटकाचा लेखक कोण, असं कुणी विचारलं की मॅनेजर सांगायचे, बचत गट. माझ्याच विनंतीनं. एका गावात सरपंचांनी लेखकाचा सत्कार करायचा म्हणून नारळ आणला, तेव्हा गिरणीवालीनं पुढं होऊन तो घेतला. मी जीपमागं उभी होते. तिनं नारळ परतीच्या वाटेत माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, घे बाई, तुझं डोकं.

वर्ष संपत आलं आणि कर्ज एका हप्त्यावर आलं. त्याच सुमारास मॅनेजरची तब्येत बिघडायला लागली. म्हणजे, मास्तर उसनवारी करून जमवलेला शेवटचा हप्ता घेऊन गेले की बिघडायची. एकदा म्हणाले आज शनिवार आहे, अर्धा दिवस. एकदा म्हणाले, व्याजाची आकारणी परत करून बघावी लागेल. एकदा म्हणाले शिक्का सापडत नाही, आणि शिक्का त्यांच्या हातात होता. ज्या माणसानं आख्ख्या गावाला वसुलीसाठी दारात उभं राहून घाम फोडला होता, तो पैसे समोर असताना घेईना. मुदत जवळ येत चालली. ठरावाचं वर्ष उलटलं असतं तर चेअरमनला आठवण होऊन मोडवाला परत आला असता. मास्तरांना झोप येईना.

शेवटी एका सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या मास्तर गेले. मीही गटाचे पैसे भरायला गेले होते, म्हणून हे मी बघितलेलं आहे. मास्तरांनी रुमाल सोडून पैसे काउंटरवर मांडले. मॅनेजरनं खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, आज जरा...

"साहेब," मास्तर म्हणाले, "माझं कर्ज फिटू द्या की."

मॅनेजरनं समोरचा शिक्का उचलून परत जागेवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "कर्ज फिटलं की बाजा तुमचा. मग मी जीपमध्ये कोणत्या नात्यानं बसू?"

 मास्तरांच्या मनात हे आलंच नव्हतं. माझ्याही नाही. इतकी माणसं ऐकून लिहिली मी, आणि रोज शेजारी बसणाऱ्या या एकाचं कधी ऐकलंच नव्हतं.

"आवो, पुढची सीट काय तारणासाठी ठिवली होती का?" मास्तर म्हणाले. "बाजा मागं बी मावतो. तुमी मागं मावत न्हाई."

मॅनेजर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा लावला. नोटा मोजल्या, थुंकी लावून परत मोजल्या. चिल्लर वेगळी लावली. चार आणे जास्त निघाले ते मास्तरांना परत केले. खात्यावर तांबड्या शाईनं रेघ मारली, कर्ज फिटल्याचा बेबाकीचा दाखला लिहिला, शिक्का मारून त्यावर फुंकर घातली. मग कपाट उघडून बाजा काढला, हिरव्या कापडासकट. कापड संस्थेचं होतं, ते आठवून त्यांनी ते परत काढून घेतलं, घडी घातली आणि पावती फाडून बाजासकट मास्तरांच्या हातात दिली. पुढच्या सभेला जीप निघाली तेव्हा बाजा मागं आमच्याजवळ होता, आणि पुढच्या सीटवर मॅनेजर, मांडी रिकामी.